काच वर येईना, मालक! जुन्या गाड्यांची प्रश्नोत्तरं

या महिन्याची पत्रं उघडून बघितली तर निम्म्यांत एकच दुखणं, पॉवर विंडो. नवल काहीच नाही. एप्रिल लागला की आपल्या सोलापुरात पारा चाळीसच्या पुढं, जुन्या गाडीचा एसी म्हणजे देवाची मर्जी, मग काच खाली घ्यावीच लागते, आणि खाली गेलेली काच नेमकी सात रस्त्याला सिग्नलवर वर येत नाही, शेजारी बस धूर सोडत उभी. म्हणून यावेळी दुसरं काही घेत नाही, सगळं काचपुराणच.

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडं १९९६ ची टाटा सिएरा आहे, वडिलांनी घेतलेली, एमएच १३ पासिंग. ड्रायव्हर साईडची काच सकाळी नीट चालते, दुपारी उन्हात दोनचार वेळा वरखाली केली की अर्ध्यात थांबते, आणि दहा मिनिटांनी परत आपोआप चालते. कधी कधी दार जोरात आपटलं तरच चालू होते. डावी काच चालते पण इतकी हळू की मधे एक चहा होईल. दोन वर्षांत उजवी मोटर दोनदा बदलली, आता गॅरेजवाला म्हणतो तिसरी टाकू. काय करू? – वाचक, होटगी रोड

उत्तर : पहिलं म्हणजे तिसरी मोटर घेऊ नका. आधीच्या दोन पण बहुतेक चांगल्याच होत्या, भंगारात दिल्या नसतील तर शोधून जपून ठेवा.

सिएरा म्हटलं की मी जरा हळवा होतो, ते आधी उरकून घेतो. १९९१ ला टेल्कोनं, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सनं, टेल्कोलाईन पिकअपच्या चॅसीवर ही गाडी काढली तेव्हा आपल्याकडं बटणानं काच उतरणं हेच अप्रूप होतं, पोरं उगाच आत बसून काच वरखाली करायची आणि मालक बॅटरी जाईल म्हणून ओरडायचा. पण मागची ती छतापर्यंत वळलेली मोठी काच उघडतच नाही, दारं पुढं दोनच, लांब आणि जड, म्हणजे गाडीत येणारा सगळा वारा या दोन काचांतनं. त्यामुळं ही दोन बटणं चार दारांच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त दाबली जातात, आणि तुमच्याकडं ती जवळपास तीस वर्षं दाबली गेलीत.

आता दुखणं. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी खरंतर तीन आहेत, गरम झाली की थांबते ही एक, दार आपटलं की चालते ही दुसरी, आणि डावी हळू चालते ही तिसरी. गॅरेजवाल्यानं तिन्हींवर एकच गोळी दिली.

पाना हातात घ्यायच्या आधी एक करा. संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिन बंद, चावी ऑन, आतला रूफ लाईट लावा, आणि काच रुसलेली असताना बटण दाबून लाईटकडं बघा. लाईट मंद झाला तर करंट मोटरपर्यंत जातोय, मोटर जोर लावतीय पण काच कुठंतरी आवळलीय. लाईटला ढिम्म फरक नाही तर करंट पोचतच नाही, म्हणजे फ्यूज, बटण, वायर, अर्थ (मायनसकडं जाणारी परतीची जोडणी) नाहीतर मोटरचे कार्बन (आत फिरत्या भागाला घासून करंट देणारे काळे ठोकळे) यातलं काहीतरी. आणि आधी मंद होऊन मग बटण दाबलेलं असतानाच परत एकदम उजळला, तर मोटरच्या आतला कटआऊट उडाला. हा कटआऊट बऱ्याच मोटरींत असतो, जास्त करंट ओढून मोटर तापली की तो सर्किट तोडतो, थंड झाली की परत जोडतो. तुमची दहा मिनिटं ती हीच असणार. म्हणजे मोटर आजारी नाही, ती स्वतःला वाचवतीय, आणि नवीन मोटर काचेच्या त्याच आवळलेल्या चॅनलवर घातली की ती पण तेच करणार, दोनदा केलंच की.

मग काच आवळते कुठं? दाराच्या चौकटीत काच ज्या रबरात सरकते, तेच हे चॅनल, त्याच्या आत मखमलीसारखी लव असते. ती वीसपंचवीस वर्षांत झिजते, रबर सोलापूरच्या उन्हात वाळून लाकडासारखं कडक होतं, त्यात आपली धूळ. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा होम मैदानाच्या आसपास आठ दिवस गाडी लावून बघा, चॅनलमधनं अक्षरशः मातीची वात निघते. साधी परीक्षा अशी की दुसऱ्याला बटण दाबायला लावा आणि तुम्ही काचेला दोन्ही बाजूंनी तळवे लावून वर उचलायला हात द्या, हातानं काच भराभर वर गेली तर गुन्हेगार रबरच. चांगली काच चारपाच सेकंदांत वर जायला पाहिजे. फूटपट्टीला ओलं फडकं गुंडाळून चॅनल आतनं पुसा, फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे. ग्रीस आणि ऑईल नको, आठवड्यात त्याचा चिखल होतो. लव पूर्ण गेलेली असली, हाताला नुसतं रबर किंवा पत्रा लागत असला, तर स्प्रेवर भागणार नाही, चॅनल नवीन टाका. हुबेहूब नाही मिळालं तर जुन्याचा तुकडा कापून घेऊन जा आणि त्याच मापाचं मीटरवर विकत घ्या, तोंडी वर्णन करून आणलेलं चॅनल आजपर्यंत कुणाचं बसलेलं मी बघितलं नाही.

आणि हो, काचेवर जुनी काळी फिल्म असेल तर ती पण काढा. सुप्रीम कोर्टानं २०१२ मधेच त्यावर बंदी आणलीय हा भाग वेगळा, पण कडेनं सुटलेली फिल्म चॅनलमधे गोळा होऊन पाचरीसारखी बसते हे मी डोळ्यानं बघितलंय.

दार आपटलं की चालते, याला दोन कारणं. दार उघडून बटण दाबून धरा आणि दार हळूहळू पुढंमागं करा. ठराविक कोनात काच हलली, परत थांबली, असं झालं तर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलीय. तीस वर्षं दार उघडझाप म्हणजे वायर हजारो वेळा वाकली, वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं आणि आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात, शेवटी दोनतीन तारांवर सगळा कारभार चाललेला असतो. इथं लोक एक चूक हमखास करतात, नळीच्या आतच वायर पिळून टेप मारतात, तो जोड सहा महिन्यांत परत तुटतो. नळीतला पूर्ण तुकडा बदला, बारीक तारांची लवचिक वायर घ्या, जोड एक दाराच्या आत आणि एक डॅशबोर्डच्या बाजूला, दोन्ही सोल्डर करून वर स्लीव्ह. दार हलवून काही फरक नाही पण दाराच्या आतल्या पॅडवर मोटरच्या जागी बुक्की मारली की चालते, असं असेल तर मोटरचे कार्बन संपलेत. ते पण मोटर न बदलता होतं, आर्मेचरचं काम करणाऱ्या जुन्या माणसाकडं न्या, तो कार्बन घासून मापाला बसवून देतो.

आता डावी काच. तिचं रबर साफ करूनही ती हळू असेल तर करंट रस्त्यात सांडतोय. यात मल्टिमीटर लोकांना फसवतो. मोटरचा प्लग काढला, मीटर लावला, बारा व्होल्ट दिसले, चला वायर चांगली, मोटर खराब! असं नसतं हो. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळं एका तारेवर पण तो बारा दाखवणार. टाकीत पाणी आहे का बघायचं तर नळ सोडून बघावं लागतं. तर मोटरच्या जागी हेडलाईटचा जुना बल्ब जोडा, एच ४ चा एक फिलॅमेंट चालू असला तरी पुरे, ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बटण दाबा. लख्ख पांढरा लागला तर वायरिंग ठीक, पिवळट मंद लागला तर मधे कुठंतरी अडलंय. बल्ब तसाच चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बटणात येणाऱ्या वायरीला लावा, मग बटणाच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर, मग पुढं मोटरचा प्लग, आणि शेवटी मोटरच्या दुसऱ्या वायरीपासनं बॅटरीच्या मायनसपर्यंत. कुठल्याही टप्प्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की चोर तिथंच. माझ्या अनुभवात दहातल्या सहासात वेळा तो बटणात सापडतो आणि दोनतीन वेळा अर्थमधे.

बटण का? कारण या मोटरीची दिशा बदलायला प्लस मायनसची अदलाबदल करावी लागते. नुसतं बसलेलं असताना बटण मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला धरून ठेवतं, वर दाबलं की एकीला प्लस, खाली दाबलं की दुसरीला. म्हणजे वर जाताना सुद्धा परतीचा रस्ता बटणातल्या न दाबलेल्या बाजूनंच असतो, आणि तो पॉईंट काळा पडला असेल तर दाबलेली बाजू कितीही घासा, उपयोग नाही. त्यात बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या दाराचा अर्थ ड्रायव्हरच्या बटणातनं फिरून येतो, म्हणजे डावी काच डाव्याच बटणानं चालत नसली तरी दोष तुमच्या हाताखालच्या बटणात असू शकतो. हे माहीत नसल्यामुळं लोकांनी डावं बटण, डावी मोटर, काच वरखाली करणारं डावं मशीन सगळं बदललेलं मी बघितलंय.

बटण उघडताना मोठ्या परातीत धरून उघडा. आत बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या असतात, एक उडाली की आख्खं घर झाडून काढावं लागतं आणि मग घरचे जे बोलतात ते मी इथं छापत नाही. पॉईंट बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं चमकवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बंद करा. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर एका काचेला पाच पायांचे दोन रिले बसवा, रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालूबंद करणारी डबी, तिच्या पायांवर नंबर असतात. दोन्हींचा ३० नंबर मोटरच्या दोन वायरींना, ८७ ला बॅटरीजवळच्या २० अँपिअरच्या फ्यूजमधनं जाड वायरीनं प्लस, ८७ए ला अर्थ, बटणाच्या दोन वायरी एकेका रिलेच्या ८६ ला आणि ८५ अर्थ. मग बटणातनं फक्त रिलेपुरता चिमूटभर करंट जातो, पॉईंट जळायचा प्रश्नच मिटतो, आणि काच अशी उठते की तुम्ही दचकाल. फ्यूज टाळून सरळ बॅटरीवरनं वायर ओढणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि गाडी परत घेऊन या.

एक गोष्ट मात्र हळू वाचा. दाराचं पॅड काढून काच मशीन बाहेर काढणार असाल, तर कात्रीसारख्या पट्ट्यांच्या मशीनला काचेचं वजन तोलायला एक गुंडाळीची जाड स्प्रिंग असते. मोटरचे बोल्ट काढले की दातेरी पट्टी मोकळी होते आणि स्प्रिंग ती एकदम फिरवते. बोटं जातात, खरंच जातात. आधी काच चिकटपट्टीनं चौकटीला वर बांधा, दातेरी पट्टीला मशीनच्या बॉडीशी बोल्ट किंवा व्हाईस ग्रिपनं पक्कं धरा, मगच मोटरला हात लावा. आणि पॅड परत लावताना आतला प्लास्टिकचा कागद फेकू नका, तो शोभेचा नाही, पावसाचं पाणी मोटरवर आणि पॅडवर येऊ नये म्हणून आहे. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं पण खिळ्यानं मोकळी करून घ्या.

प्रश्न : माझ्याकडं पुण्यात जोडलेली जुनी मर्सिडीज आहे, डब्ल्यू १२४. मागच्या दोन्ही काचा मागच्या बटणांनी चालत नाहीत, पुढनं चालतात. एका ठिकाणी मागचं वायरिंग बदलायला सांगितलंय. – वाचक, बार्शी

उत्तर : वायरिंगला हात लावू देऊ नका. पुढच्या बटणांपाशी मागच्या काचा लॉक करायचं एक छोटं बटण असतं, पोरांनी मागं खेळू नये म्हणून. ते दाबलेलं आहे का बघा. हसू नका, गाडी धुताना फडक्यानं दाबलं जातं आणि मालक दोन महिने हिंडतात. दाबलेलं नसेल तरी ते चारसहा वेळा आतबाहेर करा, वापर नसल्यानं आत गंज धरतो.

१९९५ पासनं पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात जुळवलेल्या या गाड्या तशा दणकट, पण बॉनेटखालचे फ्यूज जुन्या पद्धतीचे आहेत, दोन्ही टोकांना निमुळते आणि वरनं उघडी पट्टी. ते न जळता पण त्रास देतात, टोकाशी पांढरी बुरशी धरते आणि कधी करंट जातो कधी नाही. कधी सगळ्याच काचा एकदम बंद पडल्या तर पहिल्यांदा बॉनेट उघडून प्रत्येक फ्यूज त्याच्या जागीच बोटानं गोल फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मग निवांत वेळी सगळे बदला, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीऐवजी तांब्याच्या पट्टीचे घ्या.

प्रश्न : काका, माझ्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांना आता हँडल फिरवायला जमत नाही, खांदा दुखतो. बाजारात पॉवर विंडोचं किट मिळतं ते लावावं का? बाबा म्हणतात गाडीची वाट लागेल. – विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : बाळ, बाबांचं पण बरोबर आहे आणि आजोबांचा खांदा त्याहून बरोबर आहे. किट लावा, पण फक्त ड्रायव्हरच्या दाराला, आणि असं किट घ्या जे मूळ मशीनला हँडलच्या दांड्यावर बसतं, म्हणजे उद्या काढून हँडल परत लावता येईल. दाराचा पत्रा कापायला सांगणारं किट असेल तर नको. मूळ हँडल, त्याची क्लिप आणि वॉशर एका डबीत घालून डबीवर नाव लिहून ठेव, जुन्या गाडीत नंतर तेच सोन्याच्या भावानं शोधावं लागतं.

त्याआधी मशीन आणि रबर साफ करून घ्या. हातानं जड जाणारी काच मोटरला पण जडच जाणार, आणि खरं सांगू का, कधी कधी एवढी साफसफाई झाली की हँडल इतकं हलकं फिरतं की किटची गरजच उरत नाही. आजोबांना आधी ते फिरवून बघू दे. दुसरं, गाडीत बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे की अल्टरनेटर ते बघून घे. डायनॅमो असेल तर गाडी सिग्नलला उभी असताना चार्जिंग जवळजवळ नसतं आणि काच नेमकी तिथंच वरखाली होते, मग दिवाळीपर्यंत बॅटरी बसली म्हणून आजोबा तुझ्यावर चिडणार.

आणि लहान भावंडं गाडीत बसत असतील तर हे लक्षात ठेव, या किटची काच हात मधे आला म्हणून थांबत नाही, ती नवीन गाड्यांची सोय आहे. नुसतं दाबायचं बटण गुडघ्यानं पण दाबलं जातं. म्हणून काच वर घ्यायला बोटानं ओढावं लागेल असं बटण घे, आणि गाडीतनं उतरताना चावी काढून घ्यायची, कुणी आत बसलेलं असलं तरी.

प्रश्न : तुळजापूरला जाताना अचानक पाऊस आला आणि एस्टीमची काच खाली अडकली. तिथल्या तिथं काय करता येतं? – वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : मी तोच रस्ता अडकलेल्या काचेला चादर लावून केलाय. चादर पाणी पिते आणि मग अंगावर पिळते, तेव्हा तो उपाय सांगत नाही.

इंजिन चालू ठेवून रेस थोडी वाढवा, म्हणजे व्होल्टेज चौदाच्या आसपास येतं, तेवढ्यानं पण अडलेली काच निघते. बटण दाबून धरा आणि दुसऱ्यानं तळव्यांनी काच वर ओढायची. नाही झालं तर बटण दाबलेलं असतानाच दार एकदा आपटा, पॅडवर खालच्या बाजूला बुक्की मारा. फ्यूज बघा, गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा शेजारच्या न लागणाऱ्या वस्तूचा काढून घाला, सिगारेट लायटरचा चालतो. मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण काच जागची हलत नाही तर आतली केबल किंवा प्लास्टिकचा गिअर गेला, अशावेळी काच दोघांनी हातानं वर ओढून चौकटीला चिकटपट्टी लावून टाका. पण मोटर फिरतच नसेल तर नुसत्या हाताच्या जोरावर काच हलणार नाही, उगाच ओढून फोडू नका. मोटरच्या आत वर्म गिअर असतो, तो मोटरकडनं फिरतो, काचेकडनं फिरत नाही, म्हणून तर काच आपल्या वजनानं खाली घसरत नाही. तिथं पॅड काढून मोटरच्या दोन वायरी बॅटरीवरनं फ्यूज लावून जोडायच्या, खाली जायला लागली तर वायरी उलट करा, वर जाईल. डिकीत दोन मीटर जोडवायर, एक फ्यूज होल्डर आणि चिकटपट्टी ठेवा, जागा लागत नाही.

प्रश्न : काचेच्या रबराला खोबरेल तेल चालेल का? आमच्याकडं सगळ्याला तेच लावतात. – वाचक, मंगळवेढा

उत्तर : नाही. डोक्याला लावा.